राखेचं पाणी बघायला गोंदियाला

गोंदियाला मी वाघ बघायला गेले नव्हते. त्या बाजूला जाऊन आले म्हटलं की पुण्यात सगळे पहिल्यांदा तेच विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी गेले होते राखेचं पाणी बघायला. खरं सांगायचं तर बघायलाही नाही, एका मुलीला तोंडावर सांगायला, की बाई गं, तुझी रिॲक्शन होत नाही.

पत्राने हे सांगून झालं होतं, पण वासुदेव ऐकेना. वासुदेव माझा एम.एस्सी.चा वर्गमित्र. गोंदियाच्या एका कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवतो आणि छाया पटले नावाची मुलगी त्याच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. विषय असा, की कर्करोगावर पुढेमागे उपयोगी पडतील अशी सेंद्रिय संयुगं तयार करायची, पण पाणी, हवा, माती न बिघडवता. एरवी आमच्याकडे काय चालतं? कॅन्सरवरचं संयुग करायचं आणि ते करताना बाटल्याच्या बाटल्या अशी द्रावकं ओतायची की ज्यांतल्या काहींनी कॅन्सर होऊ शकतो. नंतर ते सगळं बेसिनमध्ये. मी स्वतः वीस वर्षं हेच केलं आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाला नावं ठेवत नाही. छायाचं म्हणणं होतं की द्रावक नको, तापवणं नको, बाजारचा कॉस्टिक सोडाही नको. साधं पाणी आणि राखेचं पाणी, एवढ्यात काम होतं.

परीक्षकांना ते खरं वाटेना. त्यांनी प्रबंध परत पाठवला आणि सांगितलं की मुख्य रिॲक्शन बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाच्या हातून होते का बघा, तसं पत्र जोडा. वासुदेवने मला गाठलं. मी छायाला फोन करून राख कुठली, किती, सगळं विचारून घेतलं. भातगिरणीतून तूस आणलं, म्हणजे साळीवरचं टरफल, ते जाळलं, राख भिजवली, गाळली आणि तीनदा प्रयोग लावला. तिन्ही वेळा सकाळी भांड्यात जे टाकलं होतं तेच संध्याकाळी मला परत मिळालं. मी ‘होत नाही’ असं लिहून पाठवलं आणि हात झटकले. वासुदेव सरळ माणूस, त्याने ते पत्र जसंच्या तसं विद्यापीठाला कळवलंही.

आता मुदत डिसेंबरअखेर संपत होती. तोवर ‘होतं’ असं पत्र गेलं नाही तर छायाची नोंदणी रद्द. सहा वर्षांचं काम मातीत, आणि तासिका तत्त्वावर ती जिथे शिकवत होती तिथले तासही पुढच्या जूनपासून बंद. वासुदेव फोनवर म्हणाला, “तू एकदा ये. डोळ्यांनी बघ. मग नाही म्हण, मी एक शब्द बोलणार नाही.” मला त्याचा रागच आला होता. नाही म्हणजे नाही, त्यासाठी एवढ्या लांब कशाला बोलवायचं? पण मुलीचं आयुष्य म्हटल्यावर नाही म्हणवेना. गाडीतल्या एका दिवसाबद्दल लिहीत नाही, गाडी ही गाडीच असते.

गोंदिया

गोंदिया स्टेशनबाहेर पडले तेव्हा क्षणभर वाटलं की मी महाराष्ट्राच्या बाहेरच उतरले. रिक्षावाला हिंदी, फळवाला हिंदी, दुकानांवरच्या पाट्याही निम्म्या हिंदी. मी मराठीत “कॉलेजला चला” म्हटलं, तर रिक्षावाला म्हणाला, “बैठो ना मैडम, मराठी समझते हैं अपन.” वासुदेवने आधी नाश्त्याला नेलं. पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबाची फोड असते. इथे टपरीवाल्याने पोह्यांवर पळीभर लालभडक तर्री ओतली, हरभऱ्यांसकट. पहिल्या घासाला नाकातोंडातून पाणी आलं. दुसरी प्लेट मी स्वतःहून मागितली, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

छाया कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाट बघत होती. तिशीची, सडपातळ, बोलणं मोजकं. मी “बस” म्हटलं तरी बसली नाही. मी विरुद्ध पत्र पाठवलेली बाई, माझ्याशी तिने गोड बोलावं अशी माझीही अपेक्षा नव्हती.

“कर सुरू,” मी म्हटलं.

तिने तीन पदार्थ तोलले. एकाला बडीशेपेसारखा वास येतो, बाकीच्या दोघांची नावं इथे देत बसत नाही. तिन्ही एका चंबूत पाण्यात टाकले आणि एका काचेच्या बाटलीतून फिकट चहाच्या रंगाचं पाणी त्यात ओतलं. बाटलीवर मराठीत चिठ्ठी, ‘राख-पाणी’. ढवळणं सुरू झालं. मी घड्याळ काढून ठेवलं. दहा मिनिटांच्या आत चंबूतलं पाणी दुधाळ झालं आणि अर्ध्या तासात तळाशी पांढरी पूड बसली. गाळली, धुतली, वाळवली. काचेच्या पट्टीवर ठिपका घेऊन बघितला, तर एकच ठिपका, स्वच्छ. पूड किती अंशाला वितळते तेही बघितलं. बरोबर जिथे वितळायला हवी तिथेच.

आनंद व्हायला हवा होता ना? मला झाला नाही. मला संशय आला. मी त्या राख-पाण्यात रंग बदलणारी कागदी पट्टी बुडवली, तर ती गडद निळी झाली. माझं पुण्यातलं राखेचं पाणी त्याच पट्टीला जेमतेम हिरवट करायचं. राखेत एवढा जोर कुठून आला? तीस वर्षांच्या मास्तरकीत मी मुलांच्या बऱ्याच चलाख्या बघितल्या आहेत. मी बाटली टेबलावर आपटलीच.

“यात सोडा कुणी टाकला?”

वासुदेव कसनुसा झाला. छाया मात्र माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “कोणीच नाही मॅडम. राख आई करते, पाणी आई गाळते. बाटली घरून भरून आणते मी.”

“मग तुझी आई टाकत असेल.”

हे बोलायला नको होतं. बोलल्या क्षणी कळलं, पण जीभ आवरली नाही. छायाचे कान लाल झाले. ती म्हणाली, “तुम्ही घरी चला. आईसमोर विचारा.”

“चल. पण राख मी करणार, स्वतःच्या हाताने. जाळायचा माल मी आणणार. कुणी हात लावायचा नाही.”

“चालेल,” ती म्हणाली आणि चंबू धुवायला घेतला.

पोतं

छायाचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडे. ती त्याच संध्याकाळी पुढे गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच एका राईस मिलमध्ये गेले. गोंदियात राईस मिलला तोटा नाही, शहराबाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, एक तरी दिसते. मुनीमजी हिशेबाच्या खोलीतून बाहेर आले. मी तूस मागितलं. त्यांना शब्द कळेना. मी ढिगाकडे बोट दाखवलं.

“अच्छा, भूसा! कितना चाहिए?”

“एक पोतं. जाळायला.”

“जलाने के लिए?” मुनीमजींनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. “मैडम, जलाना है तो यहीं भट्टी में जला देते हैं, गाँव क्यों ले जा रही हो?”

पोतं भरून घेतलं, तोंड स्वतः सुतळीने शिवून घेतलं आणि गाठीवर पेनाने खूण केली. कुणी उघडलंच तर कळावं म्हणून! आज आठवलं की माझं मलाच हसू येतं.

एस.टी.त कंडक्टर पोत्यावर अडला. “ह्याच्यात काय हाये?”

“तूस.”

“तूस कायले घेऊन जाऊन राहिल्या मॅडम? गावातून तूस बाहीर येते. आत जाताना मी त पहिल्यांदाच पाहून राहिलो.”

मागून एक आजोबा म्हणाले, “कोंबड्या पालत असन बाई.” दुसरे म्हणाले, “नाही बाप्पा, विटा भाजाच्या असन.” माझ्या पोत्यावरून अख्ख्या गाडीत चर्चासत्र झालं. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यात सुतळी कुठेतरी सैल झाली होती. गाडीने खड्ड्यात उडी मारली आणि मूठभर तूस उडून थेट माझ्या केसांत आणि तोंडात. कंडक्टरने न हसता पाण्याची बाटली पुढे केली. एवढं सौजन्य पुण्याच्या बसमध्ये मला कधी मिळालेलं नाही.

बाहेर मात्र बघण्यासारखं होतं. धानाची कापणी होऊन गेली होती. आमच्याकडे शेतात उभा असतो तोही भात आणि ताटात पडतो तोही भात. इथे शेतात धान असतो, ताटात आला की मग भात. बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, रिकाम्या पडल्या होत्या आणि त्यांत धानाच्या खुंटांमधून लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, हिरवीगार वर आली होती. धान उभा असतानाच चिखलात लाखोरी फेकून ठेवतात, वेगळी नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. एका बांधीत दोन सारस उभे होते, माझ्या खांद्याला लागतील एवढे उंच. गाडीतल्या कुणीही त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. त्यांना माझ्या पोत्यात जास्त रस होता.

छायाचं घर

गाव पोवारांचं. पूर्वज माळव्यातून आले असं सांगतात आणि घरात अजून पोवारी बोलतात. छाया आणि तिची आई आपसात पोवारी बोलायच्या, माझ्याशी मराठी, आणि दाराशी कापडवाला आला तेव्हा हिंदी. कापडवाला गेल्यावर दोघी परत पोवारीत शिरल्या, आणि मला वाटलं, आपण इथे फारच एकभाषी आहोत.

छायाची आई साठीच्या आतबाहेर. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून अंगण सारवत होती. हात धुऊन आली, पाणी दिलं. मी पोतं अंगणात आणून ठेवलं आणि जाहीर केलं, “राख मी करणार.”

“करा ना बाई. पन हे काय आनलं?”

“तूस.”

“तूस कायले?”

“राख करायला!”

ती पोत्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिने आत हाक मारली, “छाये! बाई तुसाची राख कराची म्हनून राहिल्या.” आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. “तुसाची राख भांडे घासाले बी कामी पडत नाही बाई. रेतीच असते ते. कोंबडीच्या खाली टाकाचं तूस.”

छाया बाहेर आली. तिने पोतं पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

“मॅडम, पुण्यात तुम्ही याची राख केली होती?”

“मग कशाची करायची?”

“तनसाची.”

“ते काय असतं?”

तिने गोठ्याच्या मागे हात केला. तिथे घराच्या छपराहून उंच ढीग रचलेला होता, पिवळा, उन्हात चकाकणारा. धान झोडून घेतल्यावर राहिलेलं काड. आम्ही ज्याला पेंढा म्हणतो तो. गावात प्रत्येक घरामागे तसा ढीग होता. मी एस.टी.तून येताना असे शंभर ढीग बघितले होते आणि ‘छान’ म्हटलं होतं.

मी बाजेवर बसले.

ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. तूस जाळलं की जी पांढरी राख उरते ती जवळजवळ सगळी वाळूच. ती पाण्यात भिजवा नाहीतर दुधात, त्यातून फारसं काही उतरत नाही. पेंढ्याच्या राखेत मात्र क्षार असतात, ते पाण्यात उतरतात आणि तेच छायाच्या चंबूत सोड्याचं काम करतात. दोन्ही एकाच झाडाचं, एक दाण्यावरचं आणि एक दाण्याखालचं. छायाच्या प्रबंधात इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ ‘धानाच्या अवशेषांची राख’ असा होता. तो भारदस्त शब्द वासुदेवने घातला होता. अवशेष म्हणजे तूस की पेंढा हे त्यातून कळत नाही, म्हणून तर मी फोन केला होता. फोनला खरखर होती. तिने ‘तनसाची’ म्हटलं, मी ‘तुसाची’ ऐकलं. मी ‘तुसाची ना?’ म्हटलं, तिने ‘तनसाची’ ऐकलं आणि ‘हो’ म्हणाली. मी वाचलेल्या सगळ्या निबंधांत तुसाचीच राख होती, त्यामुळे माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. आणि एवढ्यावर मी एका मुलीच्या सहा वर्षांवर फुली मारून मोकळी झाले होते. वर तिच्या आईला लबाड ठरवलं. शरमेने मला त्या आईकडे बघवेना.

“मी चुकले,” मी म्हटलं. “तुमच्याबद्दल काल मी वाईट बोलले. छायाने सांगितलं असेल.”

“सांगतलं,” आई म्हणाली. “सोडा टाकतो म्हने मी. सोडा घ्याले दुकानात कोन जाईन?” तिने पदर खोचला. “चाला, राख करू. उन्ह आहे तवर.”

राख खरोखर मीच केली, म्हणजे ती सांगेल तसं मी करत गेले. पेंढ्या ढिगाच्या आतून ओढायच्या, वरच्या नाही, वरच्या दवाने कुजतात. लोखंडी घमेल्यात थोडं थोडं जाळायचं. फुंकर घालायची नाही. राख काळी राहिली तर पुन्हा तापवायची, करडी झाली की थांबायचं. “पांढरी होईपर्यंत जाळू?” मी विचारलं. “नोको, मंग जोर जाते,” ती म्हणाली. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही आणि छायाच्या प्रबंधातही नव्हतं. मी विचारलं तेव्हा छाया म्हणाली, “हे लिहायचं असतं असं वाटलंच नाही मॅडम. हे सगळ्यांनाच माहीत असते.” मी तिला तिथल्या तिथे वहीत लिहायला लावलं.

राख मडक्यात भिजवली. थोड्या वेळाने आईने त्यातलं पाणी माझ्या बोटांवर टाकलं. बुळबुळीत, साबणासारखं. “सोडा-साबन नोहते तवा आमी याच्यातच कपडे उकळत होतो,” ती म्हणाली. लहानपणी छाया धुण्याला मदत करायची तेव्हा तिचे हात या पाण्याने सोलवटायचे. बी.एस्सी.ला कॉस्टिक सोड्याने तसेच सोलवटले, तेव्हा तिच्या डोक्यात आलं की दोन्हींत एकच गुण असणार. वासुदेवने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. प्रबंधाच्या प्रस्तावनेत तर तिने परदेशी निबंधांचीच यादी दिली होती.

जेवायला भात, लाखोरीची डाळ, वालाच्या शेंगांची भाजी आणि वाळवलेल्या झिंग्यांची चटणी. मी शाकाहारी आहे हे सांगायच्या आत चटणी पानात पडली होती. मी ती बाजूला सारली. आई म्हणाली, “काऊन, तिखट आहे का?” मी सांगितलं. “मंग बोलाचं ना आधी,” म्हणत तिने ती माझ्या पानातून उचलून स्वतःच्या पानात घेतली. कसला संकोच नाही की माफी नाही. माझ्या ओळखीच्या एखाद्या घरात यावर अर्धा तास दिलगिरी चालली असती.

जेवणं आटोपत होती तेव्हा आईचे भाऊ आले, शेजारच्या गावाहून. त्यांचा उजवा गाल आतून पांढरा पडला होता, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. नागपूरला दाखवून आले होते, पुन्हा बोलावलं होतं. त्यांनी मला नमस्कार केला आणि छायाला म्हणाले, “भाची, तुही ते पूड देनं थोडीशी. कॅन्सरवर आहे म्हनते.”

“मामाजी, ते औषध नोहे.”

“पन तुह्या पीएच.डी.च्या कागदावर त तसं लिहिलं आहे. सरपंचानं वाचून दाखवलं.”

“कागदावर ‘संभाव्य’ लिहिलं आहे.”

“संभाव्य म्हनजे?”

“म्हणजे अजून नाही. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर टाकून पाहिलं आहे, बस. माणसाले देता येत नाही. तुम्ही नागपूरची तारीख चुकवू नका.” मग तिने हात पुढे केला. “आणि खिशातला खर्रा द्या इकडे.”

मामाजींनी मुकाट्याने प्लास्टिकची पुडी काढून दिली. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं घोटलेलं. ती छायाने चुलीत टाकली. मोठमोठ्या परिषदांत मी लोकांना आपल्या संयुगाबद्दल ‘आशादायक’ म्हणून टाळ्या घेताना बघितलं आहे. सख्ख्या मामासमोर ‘अजून नाही’ म्हणायला किती जोर लागत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. ही मुलगी आकडे खोटे लिहिणार नाही, याची खात्री मला कुठल्याही कागदी पट्टीशिवाय तिथेच पटली.

पुन्हा गोंदिया

सकाळी पाणी नितळ झालं होतं. आईने ते चौपदरी धोतराच्या फडक्यातून गाळलं. बाटली माझ्या हातात देताना मात्र तिचा विश्वास बसेना. “एस.टी.त सांडन बाई. मीच येतो घेऊन.” आणि ती खरंच आली. सहा वर्षं ती राख करत होती, पण त्या राखेचं पुढे काय होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली. वासुदेवने चहा मागवला.

मी छायाला लांब उभं केलं आणि प्रयोग स्वतः लावला. एकदा नाही, तीन चंबू एकदम, कारण पुण्यात तीनदा केला होता. ढवळायला लावलं. पाच मिनिटं काही नाही. सात मिनिटं, काही नाही. मी छायाकडे बघितलं, तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. मग पहिला चंबू दुधाळ झाला. मग तिसरा, मग दुसरा.

“फाटलं दूध,” आई म्हणाली.

“फाटलं!” मी ओरडलेच. पन्नाशी उलटलेली बाई प्रयोगशाळेत अशी ओरडलेली वासुदेवने प्रथमच पाहिली असेल. छाया वळली, चंबूंकडे बघितलं आणि खाली बसून रडायला लागली. मीही रडले. त्याचं काय सांगायचं?

आता पत्र. वासुदेवने कागद पुढे केला आणि हळूच सुचवलं, “आधीचं पत्र तिकडे गेलेलं आहे, तेव्हा कारण द्यावं लागेल. ‘कच्च्या मालातील फरकामुळे पूर्वी निष्कर्ष वेगळा आला होता’ असं लिही. तुझंही नाव राहील.” मला ते एकदम पटलं. अब्रू वाचत होती, पटणारच. मी पेन उघडलं.

“मॅडम,” छाया म्हणाली. डोळे अजून ओले होते, पण आवाज कोरडा. “फरक मालात नव्हता. तनस तनसच होतं. असं लिहिलं त परीक्षक म्हणतील, हिच्या राखेचा भरवसा नाही, कधी होते, कधी होत नाही. परत पाठवतील.”

मी पेन मिटलं. पोरगी बरोबर बोलत होती. माझी अब्रू आणि तिची पदवी एका कागदावर मावत नव्हती.

मी इंग्रजीत लिहिलं, की आधीच्या तिन्ही वेळा मी चुकीची राख वापरली. उमेदवाराने मला फोनवर योग्य शब्द सांगितला होता. तो शब्द मला माहीत नव्हता, मी तो चुकीचा ऐकला आणि काय ऐकलं याची खात्री करून घेतली नाही. दोष पद्धतीत नाही, माझ्यात आहे. योग्य राख वापरून मी स्वतः तीन वेळा केलेली रिॲक्शन तिन्ही वेळा झाली. या पत्रासह प्रबंध गेला आणि उन्हाळ्यात छायाला पदवी मिळाली, हे इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको.

तो शब्द मात्र मी पत्रात देवनागरीत लिहिला. इंग्रजीत लिहिला असता तर आणखी कुणीतरी त्याचं आणखी काही केलं असतं. ‘तणस’. सही करणार एवढ्यात आई स्टुलावरून उतरून जवळ आली. चौथीपर्यंत शिकलेली. त्या इंग्रजी कागदावर तिला वाचता येण्याजोगं तेवढंच होतं. तिने बोट ठेवलं.

“हे काय लिहिलं बाई?”

“तुमचा शब्द.”

तिने अक्षरं पुन्हा लावली आणि मान हलवली. “हा बानातला झाला. तनसात नखातला न हाये.”

“शुद्ध तणसच आहे,” वासुदेव म्हणाला.

“वासू, तू गप्प बस,” मी म्हटलं. ‘ण’ खोडला, वर ‘न’ केला. अर्जात किंवा पत्रात खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी लिहिणाऱ्याने सही करायची असते. मी केली.